खिशाचं नागरिकत्व

आमच्या हिंटरवाल्ममध्ये गाववाला कोण आणि पाहुणा कोण हे ओळखायला पासपोर्ट लागत नाही. कुनीच्या हॉटेलात कॉफी मागायची आणि बिल बघायचं.

कुनी म्हणजे कुनिगुंडा. गावाच्या वर, रोपवे संपतो तिथे तिचं लाकडी हॉटेल आहे. जागा गावाची, चूल कुनीची, आणि तिच्या आधी तिच्या आईची. तिथे श्नाप्स, म्हणजे फळांची कडक दारू, घातलेली गरम कॉफी मिळते, उंच काचेच्या ग्लासात. आम्हा गाववाल्यांना ती तीन फ्रँकला आणि उरलेल्या सगळ्या जगाला चौदा फ्रँकला. फळ्यावर दोन्ही भाव शेजारी शेजारी लिहिले आहेत, लाजलज्जा काही नाही. झुरिचहून स्की खेळायला आलेली पैसेवाली माणसं तो फळा वाचतात, गॉगल पुसतात आणि परत वाचतात. एकदा एकाने विचारलं, "बाई, हा चौदाचा आकडा चुकून लिहिलाय का हो?"

"नाही. तो बरोबर आहे," कुनी म्हणाली. "चुकलाय तो तीनचा. पण तो ग्रामसभेनं चुकवलाय."

ते खरं आहे. तीनचा भाव मी शाळेत असताना ठरला. तेव्हापासून दरवर्षी कुनी, आणि तिच्याआधी तिची आई, तो वाढवायचा ठराव मांडते आणि दरवर्षी आम्ही सगळे हाताची घडी घालून तो पाडतो. दूध महागलं, वीज महागली, मेल्यावर पुरण्याचा खर्चसुद्धा महागला, पण गाववाल्याची कॉफी तीनच. याचा आम्हाला भारी अभिमान आहे. त्याहून मोठा अभिमान याचा, की आम्हाला चढत नाही. हिंटरवाल्मचा माणूस सहा ग्लास रिचवून, स्की बांधून, सरळ रेषेत घरी जातो. पाहुणे दोन ग्लासांत लवंडतात. "खालच्या हवेत वाढलेली माणसं," असं म्हणून आम्ही शेगडीजवळच्या टेबलावरून हसत बसतो. ते टेबल फक्त गाववाल्यांचं. पाहुण्यांनी दाराजवळच्या बाकांवर बसायचं, नाहीतर बाहेर वाऱ्यात.

आदेलिनो तेइशेरा पंचवीसेक वर्षं त्या दाराजवळच्या बाकावर बसत होता.

आदेलिनो पोर्तुगालचा. एका हिवाळ्यापुरता आला तो राहिलाच. मी रोपवेच्या खाली तिकीट खिडकीत बसते आणि तो माझ्यापासून दहा पावलांवर, येणारी खुर्ची हाताने धरून माणसांना तिच्यावर बसवतो. कुणी घसरलं की घसरगाडी घेऊन वर जाणाराही तोच. आमची बोली तो इतकी पक्की शिकला आहे की शिव्यासुद्धा माझ्या आजोबांच्या देतो. पण नागरिक नाही, म्हणून पाहुणा, म्हणून चौदा फ्रँक. रोज काम संपलं की एक ग्लास. मी एकदा म्हटलं, "अरे, घरी बनवून पी ना!" तर म्हणाला, "घरी शेगडीजवळचं टेबल नाही गं." मी म्हटलं, "इथेही तुला ते नाहीच." तो म्हणाला, "पण दिसतं तरी."

नागरिकत्व त्याला त्या टेबलासाठी हवं होतं. नागरिकत्व देणाऱ्या गावाच्या समितीपुढे पहिल्यांदा उभा राहिला तेव्हाही त्याने हेच सांगितलं होतं. दोन वेळा आम्ही त्याला नकार दिला. आम्ही म्हणजे आमच्या गावाने, पण समितीवर मीही असते, तेव्हा अंग काढून घेत नाही. पहिल्या वेळी सरपंचांनी विचारलं होतं, गायींच्या गळ्यातल्या घंटा आवडतात का? हा भोळा म्हणाला, "आवडतात. पण पहाटे तीनला कशाला?" तिथेच खेळ खलास. दुसऱ्या वेळी समितीबरोबर, पदरचे अठ्ठावीस फ्रँक मोजून, दोन ग्लास घेतले आणि कोट टांगायच्या खांबाला मिठी मारून त्याने पोर्तुगीज नाच केला. सरपंच म्हणाले, "ज्याला दोन ग्लास पेलत नाहीत त्याला गाव काय पेलणार?"

तिसरी वेळ शेवटची. तीनदा नकार मिळाला की पुन्हा अर्ज नाही, असा आमच्याकडे नियम आहे. आणि त्याच्या बायकोने, ग्रासाने, स्पष्ट सांगून टाकलं होतं की या खेपेला नाही म्हणाले तर आपण पोर्तुगालला कायमचं जायचं. तिकडे तिने घर बांधून ठेवलंय, निळ्या फरशा लावलेलं. "घर सुंदर आहे," आदेलिनो मला म्हणाला, "पण तिथे मला कोण ओळखतं? शेजारी मला 'तो स्वित्झर्लंडवाला' म्हणतात." खुर्ची धरलेला त्याचा हात सुटला आणि एका डच बाईची खुर्ची रिकामीच वर गेली, म्हणजे तिची बॅग गेली, ती खालीच राहिली. तो गेला तर त्या दहा पावलांवर कुणीतरी विशीतलं पोर उभं राहील आणि मी जेवायच्या सुट्टीत कुणाशी भांडू?

त्याने तयारी सुरू केली. गावच्या दुकानातून श्नाप्सच्या बाटल्या आणायच्या, संध्याकाळी ग्रासासमोर बसायचं, एक ग्लास प्यायचा आणि आमच्या सात शिखरांची नावं म्हणायची. दुसरा प्यायचा आणि तीच नावं उलटी म्हणायची. तिसऱ्याला एका पायावर उभं राहायचं. सुरुवातीला तो दुसऱ्या शिखराशीच आडवा व्हायचा. नाताळपर्यंत तिसरा ग्लास आणि एक पाय जमायला लागला. ग्रासा माझ्याकडे येऊन रडली. "माझा नवरा इतकी वर्षं दिवसाला एका ग्लासाच्या पुढे गेला नव्हता. आता नागरिक व्हायला बेवडा होतोय."

फेब्रुवारीत, दुपारी चारला, समिती कुनीकडे बसली. सरपंच बाल्ट्स, माइनराड आणि मी. माइनराड नळदुरुस्ती करतो आणि रविवारी चर्चची घंटा वाजवतो. बसल्या बसल्या अडचण आली. पूर्वी समितीच्या पिण्याचा खर्च गाव करायचं, पण काटकसर म्हणून ग्रामसभेने तो बंद केला होता. मग पैसे कुणी द्यायचे? सरपंच छताकडे बघू लागले, माइनराड बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या बुटांना नाडी नव्हती.

"मी देतो," आदेलिनो म्हणाला.

कुनीने काउंटरखालचा श्नाप्सचा चंबू उचलला होता, तो हातातच राहिला. "पैसे तुझ्या खिशातून?"

"माझ्याच."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे गं बाई."

"बरं," कुनी म्हणाली. तिने चंबू खाली ठेवला आणि वरच्या फळीवरची बाटली काढली. मला त्यात तेव्हा काही विशेष वाटलं नाही.

पहिल्या ग्लासाला सरपंच म्हणाले, "आज कॉफीला वास बरा सुटलाय." दुसऱ्या ग्लासाला त्यांनी आदेलिनोला शिखरांची नावं विचारली. त्याने सातही सांगितली. सरपंच म्हणाले, "चूक! आठ आहेत." आणि खिडकीतून मोजायला गेले तर त्यांना नऊ दिसली. तिसऱ्या ग्लासाला माइनराड उठला, कोटाच्या खांबाजवळ गेला आणि त्याला आपल्या आईबद्दल सांगू लागला. मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. माझा मफलर दुसऱ्या दिवशी रोपवेच्या खांबावर सापडला, जमिनीपासून चांगला उंच.

आदेलिनो चर्चमध्ये बसल्यासारखा ताठ बसला होता. कपाळावर घाम, दोन्ही हात गुडघ्यांवर. सरपंचांनी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हुंदका दिला. "हा माणूस खडक आहे, खडक! माझा मुलगा असा असता तर!" सरपंचांचा मुलगा बर्नला असतो आणि दूधसुद्धा पीत नाही.

आम्ही तिघांनी एकमताने त्याला पास केलं. आमच्या अवस्थेचं कारणही एकमताने ठरलं, की डोंगरावरून उतरणारा गरम फॉन वारा सुटला होता. फॉन सुटला की आमच्याकडे दूध नासतं, नवरा-बायको भांडतात, गायी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात. तेव्हा तीन माणसांना जरा गरगरलं तर नवल काय!

गोष्ट इथेच संपायची. पण गावात रेमिगी आहे.

रेमिगी निवृत्त जकात अधिकारी. नोकरी गेली पण नजर गेली नाही. लग्नाला गेला तरी आधी केकचं वजन विचारतो. त्याने कुनीकडून बिल किती झालं ते काढून घेतलं आणि थेट ग्रामसभा बोलवायला लावली.

शाळेच्या व्यायामशाळेत गाव जमलं. पोरांच्या खुर्च्या, वर टांगलेले चढायचे दोर, आणि आदेलिनो मागे दाराजवळ उभा, ग्रासासकट. नागरिक नसलेल्यांना बघता येतं, बोलता येत नाही.

रेमिगी उठला. "गावच्या कुठल्याही समितीला कुणाकडून पन्नास फ्रँकच्या वर पाहुणचार घेता येत नाही. नियम आहे. या तिघांनी नऊ ग्लास प्यायले. चौदाने एकशे सव्वीस होतात. याला आमच्या खात्यात लाच म्हणायचे."

"अरे, आम्ही गाववाले!" सरपंच ओरडले. "आमचा भाव तीन. सत्तावीस फ्रँक झाले. कसली लाच?"

"कुनी," रेमिगी म्हणाला, "भाव कशावर ठरतो?"

कुनी उठली. "पैसा ज्याच्या खिशातून येतो त्यावर. हा ठराव तुम्हीच केलाय. तो दातांचा डॉक्टर आठवतो का, जो आपले पैसे देऊन म्हाताऱ्या क्साव्हरकडून तीन-तीनला ग्लास मागवायचा? तेव्हा केलात. खिसा पाहुण्याचा, तर भाव पाहुण्याचा. मी चौदानं घेतले आणि चौदाचंच दिलं."

"चौदाचंच दिलं म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे दिलं," कुनी म्हणाली आणि खाली बसली.

आता बघा पेच कसा पडला. भाव चौदाचा धरला तर आम्ही तिघे लाचखोर, आमचा निर्णय रद्द आणि आदेलिनोचा तिसरा नकार नक्की. भाव तीनचा धरला तर आम्ही स्वच्छ, पण मग पैसे गाववाल्याच्या खिशातून आले असं होतं. म्हणजे आदेलिनो त्या दुपारी आधीच गाववाला होता. आणि आधीच गाववाला होता, तर आम्ही त्याची परीक्षा कशाची घेत होतो? मागे ग्रासाने त्याचा हात घट्ट धरला होता. मला तिच्याकडे बघवेना.

शाळेतल्या हेडबाईंनी हात वर केला. त्यांना मधला मार्ग काढायची खोड आहे. "माणूस गाववाला झाला नव्हता हे खरं. पण त्याचा खिसा त्या दिवसापुरता गावचा होता, असा ठराव केला तर?"

कुणीही हसलं नाही. उलट लोक खुर्चीत पुढे सरकले. "खिशाला नागरिकत्व देता येतं का?" "का नाही? गावाला अधिकार आहे." "पण खिसा आला कुठून?" "म्हणजे?" "म्हणजे पँट कुठली? पोर्तुगालची असेल तर खिसाही तिकडचाच."

माइनराड ताडकन उठला. "पँट इथली आहे! आपल्या दुकानातली. माझ्याकडे तशीच आहे, तपकिरी."

"धुतली कुठे जाते?" रेमिगीने विचारलं.

"इथेच की! वाल्म नदीच्या पाण्यात."

"मग पँट स्थानिक धरायला हरकत नाही," रेमिगी म्हणाला. "उजवा खिसा की डावा?"

चांगली अर्धी सभा खिशावर गेली. एक जण म्हणाला, दोन्ही खिशांना दिलं तर उद्या कोटाचा खिसाही मागेल. हेडबाईंचं म्हणणं, मागच्या खिशाला मतदानाचा हक्क नको. माझा संताप मस्तकात गेला होता, पण मी गप्प राहिले, कारण आम्हा तिघांची अब्रू त्या खिशात अडकली होती. मी हे लिहिते आहे तेव्हाही मला त्याची शरम वाटते.

तेवढ्यात मागून आवाज आला, "पुरे!"

आदेलिनो चालत पुढे आला. बोलायची परवानगी नव्हती, पण त्याला अडवायला कुणी उठलं नाही. त्याने दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले. त्यांतून रुमाल, रोपवेच्या किल्ल्या आणि खोकल्याची गोळी पडली.

"हे घ्या खिसे. हवे तर कापून देतो," तो आमच्या बोलीत म्हणाला. "अरे, पंचवीस वर्षं तुमच्या पोरांना मी खुर्चीवर बसवतोय. आता त्या पोरांची पोरं बसवतोय. बाल्ट्स, तू पाय मोडलास तेव्हा खाली कुणी आणलं? तेव्हा नाही विचारलंस, हात कुठला म्हणून! तुम्हाला माझा खिसा चालतो, पँट चालते. मधला माणूस तेवढा नको. सरळ सांगा ना, जा म्हणून. मी जातो. पण पँट घालून जाईन, ती ठेवून नाही."

ग्रासा मागे रडत होती, आणि मीही. वाटलं, आता तरी कुणी उठेल आणि चार शब्द मायेचे बोलेल.

उठली ती कुनी. "माझं एकच म्हणणं आहे," ती म्हणाली. "भाव चौदाचा ठरला तर लाच ठरते. लाच ठरली तर नियमाप्रमाणे रक्कम ज्याची त्याला परत. समितीचं पिणं म्हणजे गावाचं काम. म्हणजे एकशे सव्वीस फ्रँक गावानं भरायचे. वर्गणी काढावी लागेल. घरटी साधारण दीड फ्रँक."

भाव तीनचाच धरायला व्यायामशाळेतला एकेक हात वर गेला. रेमिगीचा सगळ्यात आधी. आदेलिनो तेइशेरा, आपल्या दोन्ही खिशांसह, त्या दुपारी चार वाजल्यापासून हिंटरवाल्मचा नागरिक होता, असं एकमताने ठरलं. म्हाताऱ्या क्साव्हरला वाटलं आपण रस्त्याच्या दिव्यांवर मत देतोय, पण त्यानेही हात वर केला.

प्रेमाने नाही झालं, दीड फ्रँकने झालं. पण झालं. आदेलिनोने खाली वाकून किल्ल्या उचलल्या, आणि मग बराच वेळ त्याला वर बघता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर तो शेगडीजवळच्या टेबलावर बसला. माझ्या आणि माइनराडच्या मध्ये. कुनीने काउंटरखालचा चंबू काढला, सगळ्यांना ग्लास भरले आणि "तीन" म्हणाली. त्याने नाणी मोजून ठेवली, मग पुन्हा मोजली. पहिला ग्लास झाला, दुसरा झाला. आम्ही सगळे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होतो, हा आता नाचतो की नंतर नाचतो. तिसरा झाला, चौथा झाला. सहा ग्लास प्यायला आणि सुतासारखा सरळ चालत दारापर्यंत गेला. सरपंचांनी टाळ्या वाजवल्या. "बघितलंत? नागरिकत्व अंगात भिनलं की असं होतं!"

दारात आदेलिनो वळला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद असायला हवा होता. तो गोंधळलेला दिसला.

सकाळी रोपवे सुरू व्हायच्या आधी तो माझ्या खिडकीशी आला. "ओटिलिया, एक सांगू? रागावू नकोस."

"सांग."

"ते पाणी आहे."

"काय पाणी आहे?"

"श्नाप्स. तुमचं, म्हणजे आपलं. त्यात श्नाप्स नाहीच गं. असलंच तर कुनीच्या हाताचं ग्लासाला लागलं असेल तेवढंच."

माझं डोकं सणकलं. "परवाचा नागरिक तू आणि आमच्या श्नाप्सला नावं ठेवतोस? माझा बाप सहा प्यायचा! आजोबा आठ!"

"चौदाचा मी पंचवीस वर्षं प्यायलोय," तो शांतपणे म्हणाला. "दोन्ही शुद्धीत राहून चाखलेला गावात मी एकटाच आहे. बाटली वेगळी आहे, ओटिलिया."

"तू बोलूच नकोस माझ्याशी!" मी खिडकी लावून घेतली. पण दिवसभर तो फेब्रुवारीतला मफलर डोळ्यांपुढे लटकत राहिला.

रविवारी मी पुतण्याचं हेल्मेट घातलं, मोठा गॉगल लावला, तोंडावर फडकं बांधलं आणि कुनीच्या हॉटेलाबाहेर पाहुण्यांच्या बाकावर जाऊन बसले, वाऱ्यात. कुनी आली तेव्हा शहरी बोलीत म्हटलं, "एक कॉफी-श्नाप्स." आणि चौदा फ्रँक टेबलावर ठेवले. आयुष्यात एवढी महाग वस्तू मी स्वतःसाठी कधी घेतली नव्हती. माझा लग्नातला बुटांचा जोडसुद्धा उसना होता.

कुनीने ग्लास ठेवला. वाकली आणि हळूच म्हणाली, "सावकाश पी, ओटिलिया."

मी एक घोट घेतला. घशातून खाली एक गरम, गोड, नाशपातीच्या वासाची वस्तू गेली आणि तिने पोटात जाऊन दिवा लावला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे असं असतं? हे पाहुणे इतकी वर्षं हे पितायत?

"कधीपासून, कुनी?"

"तुम्ही भाव गोठवलात तेव्हापासून. आईनं सुरू केलं. तीन फ्रँकमध्ये जेवढं बसेल तेवढं घालते. माझ्या लग्नाच्या वेळी अर्धा ग्लास बसायचं. यंदा चमचाभर बसतं. पुढच्या वर्षी बाटली नुसती दाखवीन."

"मग सांगायचंस ना!"

"दरवर्षी सांगते. ग्रामसभेत. तुम्ही हाताची घडी घालून बसता."

मी दुसरा ग्लास मागवला, संतापाने. माझा बाप, आजोबा, तो सहा ग्लासांचा तोरा, सगळं कोमट पाण्यावर उभं होतं. तिसरा मी दुःखाने मागवला. मग उठले. निदान तसा विचार केला. पायांनी विचार केला नाही. बाक एका बाजूला गेला, डोंगर दुसऱ्या बाजूला, आणि मी मधोमध बर्फात पालथी पडले. तिथून मला आमची शिखरं दिसत होती. अकरा होती.

थोड्या वेळाने कुणीतरी मला उचलून घसरगाडीवर ठेवलं. हात ओळखीचा होता. घोंगडी हनुवटीपर्यंत आली, मग गॉगलपर्यंत, मग गॉगलच्याही वर. "हलू नकोस," आदेलिनो म्हणाला. "आणि गाऊ नकोस." मी गात होते हे मला माहीत नव्हतं.

खाली जायचा रस्ता गावातूनच जातो. रविवारची संध्याकाळ, दुकानासमोर अख्खं गाव उभं. घसरगाडी थांबली. समितीची सभासद, साठीला आलेली बाई, तीन ग्लासांत! गावाचं नाक कापलं गेलं असतं, आणि त्याच्याआधी माझं.

"काय रे आदेलिनो, कोण मोडलं?" हा सरपंचांचा आवाज.

"मोडलं कुणी नाही. पाहुणी आहे," आदेलिनो म्हणाला. "तीन ग्लासांत आडवी झाली."

रेमिगी खदाखदा हसला. "खालच्या हवेत वाढलेली! बघू तरी, कोण आहे ती?" घोंगडीचं टोक ओढल्यासारखं वाटलं आणि ते कुणीतरी तितक्याच जोरात परत दाबलं.

"असू दे रे, बिचारी लाजेल," आदेलिनो म्हणाला. "आपल्यातलं कुणी असतं तर गोष्ट वेगळी. पण आपल्यातलं कुणी असं पडतं का?"

"छे!" सगळे एकदम म्हणाले.

घसरगाडी पुढे निघाली. मी घोंगडीच्या आत रडत होते आणि हसतही होते, कुठलं कशासाठी ते सांगता येणार नाही. माझ्या दारात त्याने मला उतरवलं, भिंतीला टेकवून उभं केलं आणि हेल्मेट काढून हातात दिलं.

"आता काय करायचं रे?" मी विचारलं. "सांगायचं गावाला?"

त्याने दोन्हीकडे बघून घेतलं. "वेडी आहेस का? उद्या ये शेगडीजवळ. सहा-सहा ग्लास पिऊ आणि सगळ्यांसमोर सरळ चालून दाखवू."